गाडीतच राहायचं, गाडीतच काम करायचं : वीज किती लागेल?

भटकभवानी | ३ मार्च, रात्री ११:१२

मंडळी, डोक्याचा भुगा झालाय म्हणून इथे लिहितेय.

दिवाळीनंतर आम्ही एक जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली. आधी ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची. सीटा उचकटल्या तेव्हा खालून चिंचोके, खोडरबरं आणि एक अख्खी कंपासपेटी निघाली. आता आत पलंग, ओटा, दोघांना समोरासमोर बसता येईल असं टेबल झालंय. सुतार गेला, आता विजेवर गाडी अडलीये.

महिन्यातले पंधरा दिवस बाहेर राहायचा बेत आहे. सुट्टी नाही, कामच. मी भाषांतर-संपादन करते. नवरा नकाशांचं काम करतो, त्याचा लॅपटॉप काम करताना विमानासारखा घोंघावतो. दोन लॅपटॉप, एक जादा मॉनिटर, राउटर, छोटा फ्रिज, दोन पंखे, दिवे, पाण्याचा पंप. शिवाय मिक्सर (माझा हट्ट) आणि इंडक्शन (त्याचा हट्ट, चहासाठी). हॉटेलच्या आवारात लावून वायर ओढायची नाहीये. जिथे थांबू तिथे आपलं आपण.

तीन ठिकाणी विचारलं. पहिला म्हणाला, दीडशे एएचच्या (एएच म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप) दोन ट्युब्युलर (पाणी घालायच्या लेड बॅटऱ्या), घरगुती इन्व्हर्टर, टपावर ५४० वॉटचं एकच मोठं पॅनेल. दुसरा म्हणाला, २०० एएच लिथियम आणि २०० चे दोन पॅनेल, पैसे पहिल्याच्या दुपटीहून जास्त. तिसरा म्हणाला जनरेटर घ्या, बाकी सगळी नाटकं.

कुणी असं राहून बघितलंय का? नेमकं किती लागतं?

---

शंकासुर | ३ मार्च, ११:२०

एक लांब काठी आणि दोन आकडे ठेवा गाडीत. वजन नाही, खर्च नाही. खांब महाराष्ट्रात सगळीकडे आहेत.

---

मीठभाकरी | ३ मार्च, ११:३१

@शंकासुर, आणि पकडले गेले की राहण्याजेवण्याची सोयही सरकारी.

---

अर्धवट_इंजिनिअर | ४ मार्च, सकाळी ७:४५

ताई, तिन्ही दुकानदारांनी 'दिवसाला किती युनिट खर्च?' हे विचारलं का? नसेल विचारलं तर त्यांनी तुमच्या पायाचं माप न घेता चपला दिल्यात.

प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर मिळतो, हजार रुपयांच्या आत. एक आठवडा घरीच गाडीत असल्यासारखं राहा आणि प्रत्येक वस्तू त्यातून चालवा. ॲडॅप्टरवर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका. माझ्या ॲडॅप्टरवर ६५ वॉट लिहिलंय. टायपिंग करताना लॅपटॉप १५ ते २० घेतो, व्हिडिओ कॉलवर ३०. तुमच्या यजमानांचं विमान मात्र शंभरच्या पुढे जाऊ शकतं, ते मोजाच.

अंदाजासाठी : साधा छताचा पंखा ७०-७५ वॉट, कमी वीज खाणारा बीएलडीसी २८-३०, गाडीत लावायचा १२ व्होल्टचा छोटा पंखा त्याहून कमी. कंप्रेसरवाला छोटा फ्रिज चालू असताना ४५-५० घेतो पण सारखा चालत नाही, दिवसाला ३०० ते ५०० वॉट-तास धरा (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट), उन्हाळ्यात वरचा आकडा. मिक्सर ५०० वॉटचा असला तरी पाच मिनिटांचे ४० वॉट-तास होतात, तो बिनधास्त न्या. इंडक्शन १५०० वॉटवर अर्धा तास चाललं की पाऊण युनिट गेलं. एका चहाला कमी लागेल, पण जो माणूस चहासाठी इंडक्शन नेतो तो त्यावर भातही लावतो.

आणि कुणी सांगत नाही तो खर्च : इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतः खातो. २० वॉट धरले तर चोवीस तासांत जवळजवळ अर्धा युनिट, म्हणजे तुमच्या फ्रिजएवढा. म्हणून लॅपटॉप, फोन, राउटर, पंखे, दिवे, पंप सगळं थेट १२ व्होल्टवर चालवा. लॅपटॉप टाइप-सी वर चार्ज होत असेल तर गाडीचा ६५ किंवा १०० वॉटचा पीडी (टाइप-सीचा जलद) चार्जर पुरतो. इन्व्हर्टर मिक्सरपुरता चालू करायचा, लगेच बंद.

---

वायरमन_दादा | ४ मार्च, दुपारी १:०५

इचलकरंजीत बावीस वर्षं हाच धंदा करतोय, तेव्हा चार शब्द. सगळे आता लिथियम लिथियम म्हणून आरत्या ओवाळणार. ट्युब्युलर कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते, जुनी देऊन नवी येते, पाणी घालायला शाळकरी पोरगं पण चालतं. तुमच्या लिथियमचं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) वेल्ह्याच्या पुढं कुठं बंद पडलं तर कोण बघणार? लोडशेडिंगच्या काळात आठ-आठ, दहा-दहा तास याच बॅटऱ्यांनी गावं चालवली. तेव्हा कुठं होतं लिथियम?

---

पर्थकर | ४ मार्च, ४:२०

दादा, मान राखून असहमत. लोडशेडिंगमध्ये बॅटरी जिन्याखाली बसलेली होती. इथे ती खड्ड्यांतून फिरणार, उतारावर कलणार, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर दोन माणसं झोपणार. पाणी घालायची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. जिन्याखाली तो उडून जातो, बंद गाडीत साठतो. ठेवायचीच असेल तर हवाबंद पेटीत, आणि पेटीची नळी गाडीच्या बाहेर.

दुसरं, हिशोब. दोन ट्युब्युलर मिळून कागदावर ३.६ युनिट. निम्म्याखाली नेलं तर आयुष्य झरझर कमी होतं, म्हणजे हातात १.८. वजन सव्वाशे किलोच्या घरात. २०० एएच लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, कागदावर २.५६, हातात २.३. वजन पंचवीसच्या आत. शंभर किलो वाचले तर तेवढं पाणी नेता येतं.

ऑस्ट्रेलियात २०२२ च्या नव्या मानकाने कॅरव्हॅनच्या राहत्या भागात लिथियमही उघडी ठेवू देत नाहीत. आतून सीलबंद कप्पा, वारा बाहेरून. इथले लोक खूप कुरकुरले त्यावर. मला नियम पटतो.

---

वायरमन_दादा | ४ मार्च, ४:४१

वजनाचं मान्य. बाकी बघू.

---

लीड्सची_वहिनी | ४ मार्च, ६:५५

आमच्याकडे कारला मागे जोडायची छोटी कॅरव्हॅन आहे. इथे बहुतेक साइटवर निळ्या सॉकेटचा खांब असतो, २३० व्होल्ट, कुठे १० ॲम्पिअर, कुठे १६. हे आमच्यासाठी 'लाड'. त्यातही १० ॲम्पिअरवर हीटर चालू असताना साधी किटली लावली की फटकन ट्रिप, मग नवरा पावसात छत्री घेऊन खांबाकडे. म्हणून आम्ही कमी वॉटची किटली घेतली. पाणी उकळायला इतका वेळ लागतो की चहाची इच्छा मरते.

खांब नसलेल्या शेतात राहिलो आहोत. जूनमध्ये १०० वॉटच्या पॅनेलने मजा येते. डिसेंबरमध्ये त्याच पॅनेलने दिवसाला पन्नास वॉट-तास दिले, म्हणजे दोन-तीन फोन. तुमच्याकडे सूर्य आहे, रडू नका.

---

कोकणकडा | ४ मार्च, रात्री ९:३०

वहिनी, आमच्याकडे डिसेंबर जुलैत येतो.

मी दापोली-गुहागर पट्ट्यात तीन वर्षं बोलेरोच्या टपावर पॅनेल घेऊन फिरतोय (पक्ष्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करतो). उन्हाळ्या-हिवाळ्यात आपल्याकडे दिवसाला साडेचार-पाच तासांचं भरीव ऊन धरता येतं. टपावर आडवं पॅनेल, धूळ, उष्णता हे सगळं वजा जाता ४०० वॉटमधून सव्वा युनिट निघतो. पॅनेल तापलं की कमी देतं, प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के. एप्रिलमध्ये काच ६५ अंशांवर जाते, म्हणजे पंधराएक टक्के तिथेच गेले. खालून हवा खेळायला टप आणि पॅनेल यात दोन-तीन बोटं जागा सोडा, टपाला चिकटवायचे लवचिक पॅनेल घेऊ नका. जुलैत ताम्हिणी-महाबळेश्वरकडे ढगात बसलात तर चारशेमधून तीनशे वॉट-तास आले तरी गणपतीला नारळ फोडा.

आणि सावली! पॅनेलवर नारळाच्या एका झावळीची सावली पडली तरी निम्मं उत्पादन जातं. दोन पॅनेल कसे जोडायचे यावर लोक भांडतात. गाडीच्या टपावर मी समांतर जोडतो, एकावर सावली आली तरी दुसरं बिचारं कमावतं.

त्या पहिल्या दुकानदाराला ५४० वाल्या पॅनेलबरोबर चार्ज कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरी यांच्या मधला डबा) कुठला देणार ते विचारा. साधा पीडब्ल्यूएम असेल तर तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजला खाली ओढतो. ते पॅनेल १३ ॲम्पिअरच्या आसपासचं, बॅटरी १३ व्होल्टची, गुणाकार करा : १७० वॉट. ५४० चे पैसे, १७० ची वीज. एमपीपीटीच पाहिजे, तो पॅनेलला खाली न ओढता वीज बॅटरीजोगी करतो.

---

भटकभवानी | ५ मार्च, सकाळी ८:१०

विचारलं. म्हणाला, "मॅडम, कंट्रोलर कंट्रोलर असतो."

---

मीठभाकरी | ५ मार्च, ८:१४

धागा इथेच संपवा, दुकानदार निवडून झाला.

---

वऱ्हाडी_ठेचा | ५ मार्च, ११:५०

सगळे ऊन ऊन करून राहिले. मे महिन्यात अकोल्याला या. पॅनेलसाठी गाडी उन्हात लावा आणि आत बसून भाषांतर करा, पाहू किती पानं होतात. ४५ अंशात पत्र्याच्या डब्यात पंखा म्हणजे गरम हवेचा फुफाटा. एसी लागतेच.

---

अर्धवट_इंजिनिअर | ५ मार्च, दुपारी १२:३०

एक टनाचा इन्व्हर्टर एसी जोरात चालला तर हजार वॉटच्या आसपास. आठ तासांचं सरासरी निम्मं धरलं तरी चार युनिट. टपावर पॅनेल मावतील चारशे-पाचशे वॉट. म्हणजे एसी लावायचा तर गाडीमागे पॅनेलची ट्रॉली जोडावी लागेल.

---

वऱ्हाडी_ठेचा | ५ मार्च, १:१५

म्हणूनच म्हणतो, सावलीत लावा आणि पॅनेल बाहेर काढा. माझ्या काकाची मधमाश्यांची गाडी आहे, पेट्या घेऊन फुलोऱ्यामागे फिरतो. एक पॅनेल टपावर, दुसरं सुटं, दहा मीटर जाड वायर. गाडी निंबाखाली, पॅनेल धुऱ्यावर उन्हात. दिवसातून दोनदा उठून सूर्याकडे फिरवतो, आडव्यापेक्षा बरंच जास्त मिळतं. आत १२ व्होल्टचा छोटा कूलर. कोरड्या हवेत कूलर राजा आहे, वीज पंख्याएवढीच. कोकणवाल्यांनी कूलर घेऊ नये, आत दमट भट्टी होईल. आणि रात्री सुटं पॅनेल आत घ्या. एकदा रानडुकराने पाडलं होतं, काच गेली, तरी चालू होतं बिचारं थोडंफार.

---

फिरस्ता_नाशिककर | ५ मार्च, सायं. ५:४०

सगळे टपाकडे बघताय. बॉनेटखाली फुकटचा जनित्र बसलाय त्याचं काय?

गाडी चालताना अल्टरनेटरमधून घरची बॅटरी भरा. डीसी-टू-डीसी चार्जर येतो, ३० ॲम्पिअरचा घेतला तर ताशी ४०० वॉट-तास. नाशिकहून हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला जाऊन आलं की सोलरचा एक चांगला दिवस खिशात. पावसाळ्यात तर यावरच भिस्त.

---

वायरमन_दादा | ५ मार्च, ७:०२

एवढ्या महागड्या डब्याची गरज नाही. रिले टाका, इंजिन चालू झालं की दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातात. ॲम्ब्युलन्सना आम्ही हेच करतो.

---

फिरस्ता_नाशिककर | ५ मार्च, ७:३०

दादा, ट्युब्युलर असेल तर चालेल. लिथियम हावरट असते. रिकामी असताना रिलेने जोडली तर मिळेल तेवढा करंट ओढते, अल्टरनेटर तापतो, त्यातही गाडी जागेवर घुंघुं करत उभी असेल तर त्याचा पंखाही हळू फिरत असतो. बीएस-६ गाड्यांत आणखी एक भानगड, काहींचा अल्टरनेटर इंधन वाचवायला मधेच व्होल्टेज पाडतो, मग लिथियम भरतच नाही. डबा करंट बांधून ठेवतो आणि व्होल्टेज उचलतो. माझ्या मित्राने रिलेवरच भागवलं होतं. घाट चढताना डॅशबोर्डवर लाल बॅटरी पेटली, आणि नव्या अल्टरनेटरच्या किमतीत दीड डबा आला असता.

---

काझाचा_पाहुणा | ६ मार्च, सकाळी १०:१०

हिमालयात जाणार असाल तर : लिथियम शून्याखाली चार्ज करायची नाही. वापरता येते, भरता येत नाही. नोव्हेंबरात स्पितीत सकाळी आठला लख्ख ऊन, पॅनेल थंड म्हणून जोमात, आणि ॲपवर चार्जिंग शून्य. मला वाटलं बॅटरी मेली. बीएमएस शहाणं होतं, त्याने दार बंद केलं होतं. आईने दिलेली गोधडी बॅटरीला पांघरली आणि मी स्वेटरवर झोपलो. दुसऱ्या रात्री बॅटरी पलंगाखाली घेतली, तेव्हा दोघांचंही भागलं.

---

कागदी_वाघ | ६ मार्च, १२:००

वीज राहू दे, आरटीओचं काय? आतलं काम करून गाडी नोंदीपेक्षा वेगळी झाली की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, म्हणजे फेरफाराची नोंद पाहिजे. मोटर कॅरव्हॅनसाठी वेगळं मानक आहे, एआयएस-१२४. राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. विमा कंपनीला आत काय बसवलंय ते लेखी कळवा. पुढे काही जळलं तर पहिला प्रश्न तोच येतो.

---

शंकासुर | ६ मार्च, १२:०४

'पुढे काही जळलं तर'. पत्रिकेत शनी दिसला ताई.

---

मालवणी_खाजा | ६ मार्च, रात्री १०:४८

शनी मी बघितलाय म्हणून लिहितो.

माझी विंगर आहे. वायरिंग एका गॅरेजवाल्याने केलं. बॅटरीकडून इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या वायरवर त्याने घरातल्या विजेची साधी एमसीबी (करंट वाढला की पडणारा स्विच) टाकली, 'डबल सेफ्टी' म्हणून. लगही (वायरच्या टोकाला बसवायचे धातूचे डोळे) पक्कडीने दाबलेले, क्रिंपिंग मशीन नव्हतंच त्याच्याकडे. सहा महिने काही झालं नाही. मग एका संध्याकाळी बायकोने मिक्सरवर खोबरं वाटायला घेतलं, शेजारी केटल चालू होती. वास आला. मला वाटलं खोबरं करपलं. खोबरं मिक्सरमध्ये कसं करपेल, हा विचार यायला दोन मिनिटं गेली.

सीटखालची फळी उचलली तर प्लसच्या लगजवळचं इन्सुलेशन तळलेल्या कुरडईसारखं फुगलेलं, तांबं निळसर पडलेलं. एमसीबी खाली केली तर आतून चर्र असा आवाज आणि खिडकीतून जांभळा उजेड, बंद व्हायला तयार नाही. घरातला एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारा करंट सेकंदाला शंभरदा शून्यावरून जातो म्हणून ठिणगी विझते. बॅटरीच्या डीसीची, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची, विझत नाही, त्यासाठी वेगळा ब्रेकर असतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी १३ नंबरच्या पान्याने बॅटरीचा मायनस सोडवला. हात असा थरथरत होता की पाना दोनदा पडला. बरं झालं, प्लसवर नाही पडला.

आता : बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत योग्य फ्यूज. डीसीचा आयसोलेटर स्विच. हायड्रॉलिक मशीनने दाबलेले लग. बारा व्होल्टवर १५०० वॉट म्हणजे, इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं धरून, १४० ॲम्पिअर, घरात एवढा करंट कधी बघायला मिळत नाही. ५० चौरस मिमी वायर, आणि जितकी आखूड तितकी बरी.

---

भटकभवानी | ६ मार्च, ११:३०

वाचून पोटात गोळा आला. नवऱ्याला वाचायला दिलं. तो इंडक्शनबद्दल गप्प आहे.

---

वायरमन_दादा | ७ मार्च, सकाळी ९:१५

खाजाभाऊंनी लिहिलं ते सोन्यासारखं. त्यात माझी भर, ही मात्र ऐकाच, ट्युब्युलरवरनं भांडलो ते सोडा.

बरेच जण सांगतात, गाडीच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. इन्व्हर्टरचा न्यूट्रल कशालाच बांधलेला नसतो, हवेत तरंगतो. ॲडॅप्टरमधून किंचित करंट गळतो तो तुमच्या हाताला कळतो. तेवढ्यानं मरत नाही माणूस. पण अशा जोडणीत तुम्ही ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावली तरी पहिल्या दोषाला ती पडत नाही, कारण करंटला परत जायला वाट नाही. लोक आरसीसीबीकडे बघून निवांत झोपतात. न्यूट्रल इन्व्हर्टरपाशी एकाच जागी चॅसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) बांधायचा, पुढं आरसीसीबी, टेस्टचं बटण दाबून बघायचं. आणि बाहेरची लाइन घ्याल तेव्हा तो बांध आपोआप सुटला पाहिजे. काही इन्व्हर्टरात ही सोय आत असते, काहींत न्यूट्रल बांधलेला चालतच नाही, जळतो. माहितीपत्रक वाचल्याशिवाय हात लावू नका. घरगुती इन्व्हर्टर गाडीत नको म्हणतो ते यासाठी पण, आणि त्याचं चार्जिंग लेडच्या हिशोबानं असतं, लिथियमला जुळवून घ्यावं लागतं.

आणि जनरेटरवाल्याला विचारा, रात्री खिडकी लावून झोपल्यावर धूर कुठं जाणार. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

---

पर्थकर | ७ मार्च, ९:५०

दादांना साष्टांग. हा प्रतिसाद वाचनखूण.

---

मीठभाकरी | ७ मार्च, १०:३०

अवांतर : चहाचं काय ठरलं? पाच किलोचा छोटा सिलिंडर ठेवा की. घरात गॅसचा कुणी बाऊ करत नाही.

---

लीड्सची_वहिनी | ७ मार्च, दुपारी २:२०

चालतं, पण गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली जमिनीलगत साठतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं आणि कप्पा आतल्या बाजूने बंद. बॅटरी त्या कप्प्यात अजिबात नको. आमच्याकडे गॅसवर चालणारा फ्रिजही आहे, पण तो तुमच्या उन्हाळ्यात फक्त गरम दूध देईल. कंप्रेसरवालाच घ्या.

---

भटकभवानी | १६ मार्च, रात्री १०:००

आठवडाभर मोजलं. माझा लॅपटॉप दिवसाला १६०, त्याचा ५२० (विमान), मॉनिटर १५०, राउटर ११०, फ्रिज ३८०, पंखे १८०, दिवे-पंप-फोन मिळून १०० च्या आसपास, मिक्सर ३०. एकूण १६३० वॉट-तास. म्हणजे साधारण १.६ युनिट.

मॉनिटर घरी ठेवायचं ठरलं. त्याने जड नकाशे रेंडर करायचं काम दूरच्या सर्व्हरवर टाकलं, आता लॅपटॉप २५० मध्ये भागतो. म्हणजे १.२ च्या आसपास. पैसे न देता वाचलेली ही पहिली बॅटरी.

---

अर्धवट_इंजिनिअर | १६ मार्च, १०:१७

शाब्बास. आता उत्तर तुमच्याच हातात आलं. १.२ खर्च, चांगल्या दिवशी टपावरून सव्वा जमा. २०० एएच लिथियममध्ये सोलर शून्य असलं तरी जवळजवळ दोन दिवस. वरून डीसी-टू-डीसी. याहून मोठं घेऊ नका.

---

वऱ्हाडी_ठेचा | १७ मार्च, सकाळी ९:०५

आणि सुटं पॅनेल! विसरले सगळे माझं.

---

कोकणकडा | १ सप्टेंबर, रात्री ८:४०

धागा वर काढतोय. ताई, पावसाळा गेला की गेलात वाहून?

---

भटकभवानी | ४ सप्टेंबर, रात्री ११:०५

आहोत, आहोत. हा प्रतिसाद दिवेआगरहून, गाडीतून.

शेवटी बसवलं ते असं : २०० एएच लिथियम, टपावर २०० चे दोन पॅनेल समांतर, एक १०० चं सुटं (वऱ्हाडीभाऊ, घ्या), एमपीपीटी, ३० ॲम्पिअरचा डीसी-टू-डीसी, १००० वॉटचा प्युअर साइन (घरच्या विजेसारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर. इन्व्हर्टर मुद्दाम छोटा घेतला, म्हणजे इंडक्शन लावायचा मोहच नको. चहा गॅसवर. आरटीओचं काम कागदी_वाघ यांच्या सल्ल्याने आधी केलं, त्याची कहाणी वेगळ्या धाग्याची आहे.

एप्रिल-मे उत्तम गेला. दुपारी तीनलाच बॅटरी भरायची, मग ऊन नुसतं वाया जाताना बघून जीव हळहळायचा. मिक्सरवर आमरस, फ्रिजमध्ये बर्फ, सगळी श्रीमंती.

जुलैत मुळशीच्या पुढे पाच दिवस ढगात राहिलो. टपावरून रोज ३०० च्या आसपास, एका दिवशी १४० फक्त. तिसऱ्या संध्याकाळी बॅटरी २२ टक्क्यांवर. मला दुसऱ्या दिवशी सकाळी काम द्यायचं होतं. फ्रिज बंद केला, दूध संपवलं. मग गाडी काढून भाजी आणायच्या निमित्ताने पौडपर्यंत जाऊन आलो, येताजाता अडीच तास, बॅटरी ५५ वर. नाशिककरांचा डबा नसता तर परत घरीच यावं लागलं असतं. आता पावसाळ्यात नियमच केलाय, तिसऱ्या दिवशी जागा बदलायची, आणि नवी जागा दोन तासांच्या अंतरावरच शोधायची.

एकदा एका खानावळवाल्या काकूंनी रात्रभर वायर दिली. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, तीन जेवणांचे जबरदस्तीने जास्त दिले. संध्याकाळी त्यांच्याकडे व्होल्टेज १७०. चार्जर कुरकुरत होता, रात्री अकरानंतर गावातले टीव्ही बंद झाले तेव्हा नीट भरायला लागला.

अंदाज चुकला तो एकाच ठिकाणी, राउटर. रेंज नसलेल्या जागी तो आणि दोन्ही फोन सिग्नल शोधत दुप्पट खातात. आणि रेंज नसेल तर काम नाही, मग विजेचं लोणचं घालायचं का? आता आधी रेंज बघतो, मग ऊन, मग सावली, मग नदी.

---

वायरमन_दादा | ५ सप्टेंबर, सकाळी ७:३०

झकास. लग परत आवळले का? गाडी हादरते. पहिल्या महिन्यात एकदा, मग दर तीन महिन्यांनी. मायनस आधी सोडवून. आणि तो डीसी-डीसीचा डबा कितीला पडला, एका ॲम्ब्युलन्सवाल्याला पाहिजे आहे.

---

शंकासुर | ५ सप्टेंबर, ७:४२

दादा पलटले! पेढे वाटा.

---

भटकभवानी | ५ सप्टेंबर, ८:२०

किंमत व्यनि (खासगी निरोप) केलीये दादा. लग आत्ता तुमचं वाचून आवळले. सगळे घट्ट होते, इन्व्हर्टरच्या मायनसचा तेवढा अर्धा आटा फिरला. १३ चा पाना आणि जादा फ्यूज आता सीटखाली त्या शाळेच्या कंपासपेटीत ठेवलेत. पाना मावत नाही, झाकण उघडंच राहतं.